कूस बदलली आणि खोली फिरली: कानातून येणारी चक्कर कशी ओळखायची, कशी उतरवायची

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे पितळी डबे काढायला स्टुलावर चढले, मान वर केली आणि समोरची भिंत गर्रकन फिरली. कपाटाचं दार हाताशी होतं म्हणून वाचले. खाली उतरून बसेपर्यंत सगळं थांबलंही होतं. "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, दुसरं काय होणार," म्हणत सासूबाईंनी लिंबाचं सरबत हातात दिलं. रात्री झोपेत उजव्या कुशीवर वळले आणि पुन्हा तेच, या वेळी पलंगासकट. तेव्हा तर पोटभर जेवण झालेलं होतं.

पुढचे दोन महिने माझ्या गळ्यात पट्टा होता. मानेच्या एक्स-रेमध्ये मणके थोडे झिजलेले दिसले (पन्नाशीनंतर कुणाचे नसतात?), 'स्पॉन्डिलायटिसची चक्कर' असं नाव पडलं आणि दिवसाला तीन गोळ्या सुरू झाल्या. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला टेबलावर आडवं केलं, मान एका बाजूला वळवून डोळे निरखले आणि मग ठरावीक क्रमाने मान आणि कूस बदलायला लावली. सगळं मिळून दहा मिनिटं. त्या रात्री मी दोन महिन्यांनी उजव्या कुशीवर झोपले.

मी डॉक्टर नाही. पण तेव्हापासून नात्यातले आणि शेजारचे बरेच जण 'मलाही तसंच होतंय' म्हणत येतात. त्यांना जे सांगते, आणि ज्या क्रमाने सांगते, ते इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: नेमकं काय होतंय ते सांगा

'चक्कर' या एका शब्दात आपण चार वेगळी दुखणी कोंबतो. झोपून किंवा बसून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कान सुन्न होतात, आता पडणार असं वाटतं, ती भोवळ. तिचं मूळ बहुतेक वेळा कानात नसतं. रक्तदाब उतरणं, अंगातलं पाणी कमी होणं, रक्त कमी असणं, कडक उपवास, रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, कधी हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड, अशी तिची कारणं असतात. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर आडवं असताना मोजा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर हा लेख बाजूला ठेवून फॅमिली डॉक्टरांकडे जा.

दुसरा प्रकार म्हणजे डोकं साफ असतं, पण चालताना झोक जातो. तिथे पाय, नसा, मेंदू बघावा लागतो. तिसरा, डोकं हलकं, रिकामं वाटणं. जागरण, काळजी, साखर, काहीही असू शकतं. आणि चौथं गरगरणं: आपण स्थिर आहोत हे कळत असूनही भिंती, पंखा, पलंग फिरतो, किंवा आपणच फिरतोय असं वाटतं. कानातून येणारी चक्कर बहुधा या रूपात येते.

पण नुसत्या शब्दांवर विसंबू नका. आमच्याकडे 'घेरी' म्हणजे यातलं काहीही असतं, आणि एकच माणूस सकाळी भोवळ म्हणतो, संध्याकाळी गरगर म्हणतो. त्यामुळे हल्ली जाणकार डॉक्टर 'कसं वाटतं' यापेक्षा दोन प्रश्नांवर जास्त भर देतात: एक झटका किती वेळ टिकतो, आणि तो कशाने सुरू होतो. या दोन उत्तरांत निम्म्याहून जास्त निदान असतं.

कानाच्या आत काय चाललेलं असतं

हा भाग गाळू नका. पुढची कृती अशी का करायची, ते इथे कळतं.

भरलेली कळशी जागच्या जागी फिरवून बघा. आधी कळशी फिरते, आतलं पाणी मागे राहतं. थोड्या वेळाने पाणीही फिरायला लागतं. मग कळशी एकदम थांबवा, पाणी फिरतच राहतं. फुगडी घालून थांबल्यावर अंगण फिरत राहतं ते याच कारणाने. प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या अगदी टणक हाडात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव भरलेला असतो. मान फिरली की द्रव मागे रेंगाळतो, नलिकेतला एक जेलीसारखा पडदा वाकतो आणि 'मान अमुक दिशेला फिरली' असा निरोप मेंदूला जातो. दोन्ही कानांचे निरोप जुळले की सगळं ठीक. एका कानाने वेगळंच सांगितलं की जग फिरतं.

नलिकांच्या बुडाशी दोन पिशव्या असतात. त्यांतल्या जेलीच्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे चिकटलेले असतात. अंड्याचं कवच आणि शिंपला ज्याचा बनलेला असतो, तोच हा पदार्थ. एसटीने ब्रेक मारला किंवा लिफ्ट वर निघाली, हे डोळे मिटूनही कळतं ते या खड्यांच्या वजनामुळे. तिथे त्यांचं काम चोख असतं. पण वयाने, डोक्याला मार लागल्याने, फार दिवस अंथरुणाला खिळल्याने किंवा काहीही कारण नसताना त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या नलिकेत घरंगळतात. बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, कारण ती सगळ्यात खाली असते. मग तुम्ही आडवे झालात की खडे नलिकेतून खाली घसरतात, द्रवाला ओढतात आणि मेंदूला खोटा निरोप जातो. खडे तळाशी जाऊन बसले की निरोप थांबतो, चक्करही थांबते.

या दुखण्याचं वैद्यकीय नाव लांबलचक आहे: बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो, थोडक्यात बीपीपीव्ही. जिवावर न बेतणारी, अचानक उसळणारी, शरीराची ठेवण बदलल्याने येणारी चक्कर. बोलीत लोक 'कानातले क्रिस्टल हलले' म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. कानातून येणाऱ्या चकरांमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये अधिक.

जाता जाता एक: कानात कोमट तेल घालून यातलं काही सुधारत नाही. तेल कानाच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत जाऊन थांबतं, आणि ही सगळी यंत्रणा त्या पडद्याच्याही पलीकडे, हाडात बंद आहे. पडद्याला भोक असेल तर तेलाने उलट नवं दुखणं मागे लागेल. मळ काढून घेतल्यानेही ही चक्कर जात नाही.

आधी हे तपासा, बाकी सगळं नंतर

चक्कर मेंदूतल्या पक्षाघाताचीही असू शकते. लहान मेंदूला रक्त कमी पडलं तर कधी कधी हातपाय नीट चालतात, बोलणं स्पष्ट असतं आणि नुसती चक्कर आणि उलट्या एवढंच दिसतं. खालीलपैकी काहीही असेल तर घरी व्यायाम करत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा:

- दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूला बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, गिळायला त्रास
- आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता न येणं
- पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी किंवा मानेच्या मागे अचानक उठलेली कळ
- शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, धडधड
- डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर, किंवा तापासोबत मान आखडणं
- न हलताही तासन्‌तास अखंड चालू राहिलेली, आयुष्यात पहिल्यांदाच आलेली चक्कर, त्यातही मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू सोबतीला असताना

सुरुवातीच्या तासांत साध्या सीटी स्कॅनमध्ये असा झटका बरेचदा दिसत नाही. त्यामुळे 'स्कॅन नॉर्मल आला' एवढ्यावर घरी परतू नका. डोळ्यांच्या हालचाली आणि चाल तपासली का, हे विचारा.

आणखी एक गोष्ट अंगावर काढू नये: एका कानाने अचानक ऐकू येईनासं होणं, चक्कर असो वा नसो. तिथे स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं ऐकू परत येण्याची आशा जास्त. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. 'सर्दीने कान बसला असेल' म्हणून महिना घालवलेली माणसं मी बघितली आहेत.

घड्याळ लावा

आता झटका किती टिकतो ते बघा. 'दिवसभर चक्कर येते' असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. खोदून विचारलं की कळतं, प्रत्यक्ष फिरणं अर्धा मिनिटच होतं, मागे राहिलेली मळमळ आणि अस्थिरपणा दिवसभर पुरला. मोजायचं ते फक्त फिरणं.

एक मिनिटाच्या आत थांबते, आणि दर वेळी कशाने तरी सुरू होते: आडवं होणं, कूस बदलणं, अंथरुणातून उठणं, वर बघणं, वाकून केर काढणं, नमाजात किंवा सूर्यनमस्कारात डोकं खाली नेणं, सलूनमध्ये केस धुवायला मान मागे टाकणं. ही बीपीपीव्ही. ऐकण्यात फरक पडत नाही.

वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकते, सोबत एक कान भरल्यासारखा होतो, त्यात घूं आवाज येतो आणि ऐकू कमी येतं: मेनिएरचा आजार असू शकतो. प्रॉस्पेर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली मांडलं, की अशी चक्कर कानातून येते. तोवर ती मेंदूची मानली जायची.

एक दिवस ते अनेक दिवस अखंड, उलट्यांसकट, अंथरुणातून उठवत नाही: तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज, म्हणजे व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. बरेचदा विषाणूसंसर्गाच्या आगेमागे येतो. ऐकणंही गेलं असेल तर लॅबिरिंथायटिस. इथे पक्षाघात नाही ना, याची खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्यायची.

पाच मिनिटं ते तीन दिवस, कमीजास्त, मायग्रेनचा इतिहास, उजेड आणि आवाज सोसत नाही: ही मायग्रेनची चक्कर. हिला कानाचे व्यायाम फारसे लागू पडत नाहीत, मायग्रेनचेच उपचार लागतात.

इथे सगळ्यांची एक गल्लत होते. हललं की चक्कर वाढते, म्हणून ती बीपीपीव्ही, असं नाही. कुठलीही चक्कर हलल्यावर वाढतेच. प्रश्न असा विचारा: अगदी निश्चल पडून राहिलं तर ती पूर्ण थांबते का? थांबत असेल आणि हालचालीनेच नव्याने उठत असेल, तर खड्यांची शक्यता मोठी.

कोणता कान, ते शोधणं

ही चाचणी मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली लिहून ठेवली आणि आजही निदान तिच्यावरच होतं. पहिल्यांदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडूनच करून घ्या. पुढच्या वेळी घरी करता येते, पण सोबत एक माणूस हवा.

मानेचं ऑपरेशन झालंय, आमवाताने मानेचे सांधे सैल झालेत, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे, डोळ्याचा पडदा नुकताच सुटलाय, सपाट झोपलं की धाप लागते किंवा दिवस भरत आलेत, अशांनी हे घरी अजिबात करू नये.

पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल आणि डोकं तिच्या पलीकडे गादीवर थोडं मागे झुकेल. मान उजवीकडे ४५ अंश वळवा, म्हणजे नाक साधारण समोर आणि उजवा खांदा यांच्या मधोमध. तशीच वळलेली ठेवून झटकन आडवे व्हा. डोळे उघडे. हे कठीण जातं, पण मिटले तर काहीच दिसणार नाही. अर्धा मिनिट थांबा. खड्यांना घसरायला काही सेकंद लागतात, म्हणून चक्कर लगेच सुरू होत नाही. 'काही नाही झालं' म्हणून पाचव्या सेकंदाला उठू नका.

चक्कर आली, डोळे झटक्याझटक्याने वर आणि खालच्या कानाकडे गोल फिरू लागले आणि मिनिटाच्या आत शांत झाले, तर दुखणं उजव्या कानाचं. मग उठून बसा, जरा दम खा आणि डावीकडे तेच करा. सोबतच्या माणसाने मोबाइलवर डोळ्यांचं जवळून चित्रीकरण करावं, फ्लॅश न लावता, चांगल्या उजेडात. डॉक्टरांना ते दाखवलं की तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

डोळे बघायची ही युक्ती रॉबर्ट बाराणी यांच्यापासूनची. व्हिएन्नात रुग्णांचे कान धुताना पाणी थंड असलं की त्यांना गरगरायचं आणि डोळे एका बाजूला झटके द्यायचे. पाणी जास्त गरम झालं की डोळे उलट्या बाजूला. यातून त्यांनी कानाची तपासणीच उभी केली. १९१४ सालचं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. आजही तपासणीत कानात ३० आणि ४४ अंशांचं पाणी सोडतात, शरीराच्या तापमानाहून सात अंश खाली आणि सात अंश वर.

एपलीची कृती, उजव्या कानासाठी

अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एपली यांचं म्हणणं साधं होतं: खडे नलिकेत अडकलेत ना, मग डोकं अशा क्रमाने फिरवा की ते आपल्या वजनाने घरंगळत पुन्हा पिशवीत जातील. चाळणीत अडकलेला दाणा चाळणी फिरवून काढावा तसं. १९८० च्या सुमारास त्यांनी हे सहकाऱ्यांपुढे मांडलं तेव्हा चेष्टा झाली, आणि सविस्तर निबंध छापून यायला १९९२ उजाडलं. आज जगभर पहिला उपचार हाच आहे.

जेवणानंतर लगेच करू नका, तासन्‌तास मळमळेल. जवळ एक भांडं ठेवा.

१. वर सांगितल्याप्रमाणे पाय लांब करून बसा, उशी मागे. मान उजवीकडे ४५ अंश वळवा.

२. झटकन आडवे व्हा. उशी खांद्यांखाली, डोकं किंचित मागे झुकलेलं, मान उजवीकडेच. चक्कर येईल, येऊ द्या. ती थांबेपर्यंत आणि वर अर्धा मिनिट थांबा.

३. डोकं न उचलता मान डावीकडे ९० अंश वळवा. आता नाक डाव्या खांद्याच्या बाजूला ४५ अंशांवर असेल. अर्धा ते एक मिनिट थांबा.

४. मान अंगाशी तशीच ठेवून अख्खं अंग डाव्या कुशीवर वळवा. अंगाबरोबर डोकंही आणखी ९० अंश फिरेल आणि नाक तिरकं जमिनीकडे येईल. इथे पुन्हा चक्कर उसळली तर घाबरू नका, खडे योग्य दिशेने पुढे सरकताहेत. अर्धा ते एक मिनिट.

५. हनुवटी छातीकडे झुकलेली ठेवून डाव्या बाजूने हळूच उठून बसा, पाय पलंगाखाली सोडा. याच क्षणी काही जण मागे फेकले जातात, म्हणून सोबतच्याने खांदे धरावेत. पाच-दहा मिनिटं तसेच बसा.

डावा कान असेल तर यातलं प्रत्येक उजवं डावं करा आणि प्रत्येक डावं उजवं.

सगळ्यात जास्त चूक चौथ्या पायरीला होते: अंग वळतं, पण नाक छताकडेच राहतं. माझ्या आतेबहिणीचं आठवडाभर असंच चाललं होतं. तिच्या मुलीने बाजूला उभं राहून "आई, फरशी बघ, फरशी" म्हणायला सुरुवात केली तेव्हा जमलं. दुसरी चूक घाई. घड्याळ बघून सेकंद मोजा.

दिवसातून तीनदा करा आणि पूर्ण एक दिवस चक्कर न येता गेला की थांबवा. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. पूर्वी यानंतर दोन रात्री बसून झोपा, मानेला पट्टा बांधा असं सांगत. त्याची गरज नाही. फिरणं थांबल्यावरही काही दिवस होडीतून नुकतंच उतरल्यासारखं वाटेल, ते आपोआप जातं. गंमत म्हणजे काहीच केलं नाही तरी बऱ्याच जणांची ही चक्कर काही आठवड्यांत विरून जाते. पण ते आठवडे पडण्याच्या भीतीत काढायचे कशाला?

आठवडाभरात फरक पडला नाही तर कान चुकलाय, कृती चुकतेय किंवा खडे वेगळ्या नलिकेत आहेत. उताणं झोपून मान नुसती डावी-उजवी केली तरी दोन्हीकडे जोरात गरगरतं आणि डोळे आडवे झटके देतात, असं असेल तर खडे आडव्या नलिकेत गेलेत. तिथे एपलीचा उपयोग नाही. अंग टप्प्याटप्प्याने पूर्ण गोल लोळवायची वेगळी कृती आहे, ती तज्ज्ञांकडे करून घ्या.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलते

खडे गोळीने विरघळत नाहीत. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, डायमेनहायड्रिनेट ही औषधं मेंदूला येणारे निरोप दडपतात आणि उलट्या थांबवतात. तीव्र झटक्यात दोन-तीन दिवस त्यांचा उपयोग आहे. पण महिनोन्‌महिने घेतली तर मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायचंच विसरतो. त्यात सुस्ती, त्यात पडण्याचा धोका. वयस्कर माणसांत सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिनने हात कापणं, चाल मंदावणं असं कंपवातासारखं चित्रही उभं राहतं. घरातल्या आजोबांची 'चक्करची गोळी' दोन वर्षं चालू असेल तर ती कशासाठी सुरू झाली होती, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा.

बीटाहिस्टीन आपल्याकडे चक्कर या शब्दावर लिहून दिली जाते. ती मुख्यतः मेनिएरसाठी वापरतात, आणि तिथेही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. काहींना बरं वाटतं, हेही खरं. मनाने बंद करू नका, पण प्रश्न विचारायला संकोच नको.

दिवसेंदिवस टिकलेली चक्कर असेल तर

न्यूरायटिसमध्ये पहिले दोन-तीन दिवस वाईट असतात. त्यानंतर अंथरुणात पडून राहणं हाच शत्रू. एका कानाकडून निरोप कमी येतोय, हे मेंदूला हालचालीतूनच शिकता येतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक आकडा निवडा, हातभर अंतरावर खुर्चीत बसा. नजर आकड्यावर खिळवून मान नकारार्थी हलवतो तशी डावी-उजवी हलवा, आकडा स्पष्ट दिसेल इतक्याच वेगाने. एक मिनिट. मग होकारार्थी, वर-खाली, एक मिनिट. दिवसातून तीनदा. सुरुवातीला गरगरेल. थोडं गरगरलं पाहिजेच, नाहीतर मेंदूला शिकायला काही उरत नाही. मात्र मळमळ वीस मिनिटांत ओसरली नाही तर वेग कमी करा. आठवड्याने हेच उभं राहून, मग पाय जुळवून, मग चालताना. संध्याकाळी कुणाला तरी घेऊन गच्चीवर चाला, मान डावी-उजवी करत.

मेनिएरमध्ये आतल्या द्रवाचा दाब वाढतो असं मानतात, म्हणून मीठ कमी करायला सांगतात. पुरावा फार भक्कम नाही, पण करून बघायला हरकत नाही. आपल्याकडे ताटातल्या मिठापेक्षा लोणचं, पापड, फरसाण आणि चिवडाच जास्त भरतो. झटके कधी आले, किती टिकले, कोणत्या कानात आवाज आला, हे वहीत लिहा. ऐकण्याची तपासणी वेळोवेळी करा, कारण ऐकणं हळूहळू कमी होत जाऊ शकतं. झटके अवचित येत असतील तोवर गाडी चालवणं, शिडीवर चढणं आणि विहिरीत किंवा तलावात एकट्याने पोहणं बंद. पाण्याखाली डोळ्यांची मदत नसते, वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

चार ओळींचा कागद न्या: झटका किती सेकंद किंवा तास, कशाने सुरू होतो, ऐकण्यात फरक आहे का, कोणती औषधं चालू आहेत. जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं पूर्वी घेतली असतील तर आवर्जून सांगा. त्यांनी दोन्ही कानांचा तोल बिघडू शकतो, आणि मग गरगरण्याऐवजी चालताना समोरची पाटी हलताना दिसते. मोबाइलवरचं डोळ्यांचं चित्रीकरण दाखवा. कूस बदलल्यावर येणाऱ्या चकरेसाठी मेंदूचा एमआरआय आणि मानेचा एक्स-रे सरसकट लागत नाही. आधी टेबलावर आडवं करून तपासता का, असं नम्रपणे विचारा. ऐकू कमी येत असेल, विशेषतः एकाच कानाने, तर मात्र ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि पुढच्या तपासण्या हव्यातच.

तोवर घरात

उठताना आधी कुशीवर वळा, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. रात्री झिरोचा दिवा चालू ठेवा, कारण अंधारात तोलाला डोळ्यांचा आधार मिळत नाही. न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवा आणि हाताशी धरायला दांडा बसवून घ्या. चक्कर आठवड्यात जाईल, पण मोडलेला खुबा वर्षभर पुरेल. वरच्या फळीवरचं रोज लागणारं सामान खाली आणा. स्टूल तर विसराच.

पुन्हा आली तर

येते. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना कधी ना कधी परत येते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढल्याने पुन्हा येण्याचं प्रमाण घटतं, असं २०२० साली कोरियातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. तेव्हा एकदा रक्त तपासून घ्या. दिवसभर घरात किंवा ऑफिसात असणाऱ्यांत ते कमी निघणं नवल नाही.

एपलीच्या पायऱ्यांचा कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे, कारण गरगरताना मोबाइलवरचं वाचता येत नाही. मागच्या पावसाळ्यात पुन्हा चक्कर आली. मी बिनधास्त उजव्या कानाची कृती केली, दोन दिवस काही फरक नाही. मग चाचणी केली तर या वेळी कान डावा निघाला.